यंत्रविद्येच्या गोष्टी : पंगत आणि पथ्याचें ताट

छापखान्यांत एकदां फर्मा कसला गेला कीं पानाचें रूप कायमचें ठरलें. अक्षर किती जाडीचें, समास किती बोटांचा, मथळ्याभोंवतीं वेलबुट्टी असावी कीं नसावी, ह्या साऱ्या गोष्टींचा निकाल खिळे जुळविणाऱ्यानें आधींच लावलेला असतो. आणि मग हजार प्रती निघोत वा दहा हजार, पुण्याच्या वाचकाच्या हातीं पडणारी प्रत व नागपूरच्या वाचकाच्या हातीं पडणारी प्रत ह्यांत तिळाएवढाही फरक नसतो. आजोबांस मोतीबिंदु झाला आहे, सबब त्यांची प्रत मोठ्या टायपांत काढूं, असें कोणी मुद्रक म्हणत नाहीं. संगणकाच्या पडद्यावरील पानाची गोष्ट निराळी आहे. तेथें मजकूर एका ठिकाणीं असतो आणि तो कसा दिसावा ह्याविषयींच्या सूचना दुसऱ्या ठिकाणीं असतात. ह्या सूचनांच्या यादीस स्टाइलशीट म्हणतात. आपण तिला शैलीपत्रक म्हणूं. मजकूर आणि शैलीपत्रक वाचकाच्या यंत्रावर येऊन पोंचलीं म्हणजे ब्राउझर त्या दोहोंची सांगड घालतो व पान रंगवितो.

एका भगिनीनें पत्रांतून विचारलें आहे कीं, “आमच्या मंडळाचें संकेतस्थळ माझा भाचा सांभाळतो. तो म्हणतो, शैलीपत्रक मीं लिहून ठेवलेलें नाहीं, मागणी येईल तसतसें सर्व्हरच तें लिहून देतो. हा काय प्रकार आहे, आणि एवढी यातायात करण्यांत लाभ कोणता?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. विशेषतः त्याचें दुसरें अंग. कारण यंत्रविद्येंत ‘कसें करावें’ हें सांगणारे पुष्कळ भेटतात, ‘कशासाठीं करावें’ हें विचारणारे थोडे.

आधीं थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. जिनीव्हानजीकच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ सालीं वेबची योजना मांडली. आरंभींच्या पानांत मथळा कोणता आणि परिच्छेद कोणता एवढेंच सांगितलेलें असे. तीं दिसावयाचीं कशीं, हें सर्वस्वीं ब्राउझरच्या मर्जीवर. लेखकांस हें रुचेना. मग मजकुराच्या पोटांतच अक्षराचा रंग व आकार कोंबण्याची चाल पडली आणि पानें इतकीं गचडीचीं होऊं लागलीं कीं, त्यांत मूळ मजकूर शोधावा लागे. ह्यावर उपाय म्हणून १० ऑक्टोबर १९९४ रोजीं, त्या वेळीं सर्नमध्येंच असलेल्या होकोन व्हियुम ली ह्या नॉर्वेच्या गृहस्थांनीं शैलीपत्रकाची योजना प्रसिद्ध केली. पुढें बर्ट बॉस हे डच विद्वान् त्यांस येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजीं सीएसएस नांवाच्या भाषेची पहिली आवृत्ति अधिकृत झाली.

ली ह्यांच्या मूळ मसुद्यांत एक गोष्ट होती, ती पुढें गळून पडली. पण मला ती फार गोड वाटते. प्रत्येक सूचनेपुढें एक शेंकडेवारी लिहावी, आणि ‘ह्या बाबतींत माझा आग्रह एवढा’ असें तिनें दाखवावें, अशी ती कल्पना होती. लेखकाचा आग्रह किती व वाचकाचा किती, हें तोलून ब्राउझरनें मधला मार्ग काढावा! एकत्र कुटुंबांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाहीं. शेंकडेवारी गेली, परंतु पानाच्या रूपावर लेखकाप्रमाणेंच वाचकाचाही हक्क आहे हें तत्त्व त्या भाषेंत राहिलें.

मात्र ह्या भाषेंत एक मोठी उणीव होती. तिला रंग कळत, मापें कळत, पण अंकगणित येत नसे आणि एखाद्या वस्तूला नांव देऊन ठेवणेंही जमत नसे. समजा, मंडळाच्या स्थळाचा रंग किरमिजी आहे. तो मथळ्यास आहे, दुव्यांस आहे, चौकटींस आहे. असा चाळीस ठिकाणीं लिहिलेला आहे. कार्यकारिणी बदलली, नव्या चिटणिसांस निळा रंग आवडला, कीं चाळीस ठिकाणीं खाडाखोड आलीच. एकोणचाळीस ठिकाणीं रंग बदलतो आणि चाळिसाव्या ठिकाणीं जुनें किरमिजी राहून जातें, हें ज्यांनीं अशीं कामें केलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

ह्याच सुमारास दुसरीकडे एक निराळें हत्यार तयार होत होतें. ग्रीनलंडांत जन्मलेले रॅस्मस लेर्डॉर्फ ह्यांनीं १९९४ सालीं, आपला परिचयलेख कोण कोण पाहून जातें हें समजावें म्हणून, कांहीं लहान कार्यक्रम लिहिले. १९९५ च्या जूनमध्यें त्यांनीं ते सर्वांस खुले केले. त्यांतूनच पीएचपी ही भाषा वाढली. तिचें काम सर्व्हरवर चालतें. वाचकाची मागणी आली म्हणजे ती हिशेब करते, कपाटांतील टिपणें पाहते, आणि त्या क्षणीं पान लिहून वाचकाकडे धाडते. पान लिहिण्यासाठीं जन्मलेल्या ह्या भाषेकडून शैलीपत्रकही लिहवून घेतां येईल, हें लोकांच्या ध्यानीं यावयास वेळ लागला नाहीं. सर्व्हरच्या दृष्टीनें पान काय आणि शैलीपत्रक काय, दोन्ही अक्षरांच्या ओळीच. पानांत शैलीपत्रकाचा जो पत्ता दिलेला असतो, तेथें तयार यादीचा पत्ता न देतां यादी लिहिणाऱ्या कार्यक्रमाचा पत्ता द्यावयाचा, एवढीच युक्ति. त्या कार्यक्रमाच्या आरंभीं ‘मुख्य रंग अमुक’ असें एकदांच लिहावें. पुढें जेथें जेथें रंग हवा तेथें केवळ त्याचें नांव घ्यावें. रंग बदलणें म्हणजे एक ओळ बदलणें. स्तंभ तीन कीं चार, त्याप्रमाणें रुंदीचा भागाकारही यंत्रच करील.

पंगतीचा स्वैपाक आणि पथ्याचें ताट ह्यांत जो भेद, तोच साध्या शैलीपत्रकांत आणि ह्या मागणीबरहुकूम लिहिलेल्या शैलीपत्रकांत आहे. पंगतीला सर्वांच्या पानांत तेंच वाढावयाचें. भराभर वाढतां येतें, आचाऱ्यास विचार पडत नाहीं. पथ्याचें ताट ज्याचें त्याला निराळें. एकाला मीठ वर्ज्य, दुसऱ्याला गोड. तें रांधण्यास वेळ लागतो, लक्ष द्यावें लागतें, आणि चुकून एकाचें ताट दुसऱ्यापुढें गेलें तर अनर्थ होतो. पुढें जें सांगावयाचें आहे तें बहुतेक ह्या एका दाखल्यांत सामावतें.

नवशिक्यांचा पहिला घोटाळा होतो तो चिठ्ठीचा. सर्व्हर जी वस्तु धाडतो तिच्या आधीं ‘आंत काय आहे’ हें सांगणारी एक चिठ्ठी जाते. पीएचपीला वेगळें न सांगितल्यास ती ‘आंत पान आहे’ अशी चिठ्ठी लावून मोकळी होते, कारण तिचा जन्मच पानें लिहिण्यासाठीं. साखरेच्या बरणीवर मिठाची चिठ्ठी लागावी तसें होतें. पूर्वींचे कांहीं ब्राउझर आंत बोट बुडवून चव पाहत आणि चालवून घेत. आजचे शिस्तीचे ब्राउझर चिठ्ठीवरच विश्वास ठेवून तें शैलीपत्रक परत लोटतात. पान उघडें बोडकें दिसतें, लिहिणारा बुचकळ्यांत पडतो, कारण त्याच्या यादीत चूक कांहींच नसते. म्हणून ‘आंत शैलीपत्रक आहे’ ही चिठ्ठी कार्यक्रमाच्या अगदीं आरंभीं लिहावी. आरंभीं म्हणजे खरोखर आरंभीं; तिच्याआधीं एखादी कोरी ओळ जरी बाहेर पडली, तरी माल आधीं गेला आणि चिठ्ठी मागें राहिली असें होऊन यंत्र सामान्यतः तक्रार करूं लागतें.

आतां लाभाकडे वळूं. रंगाचें नांव ठेवतां येणें हा लाभ खरा, पण लहान. त्यासाठीं सर्व्हरला दर वेळीं राबविण्याची जरुरी नाहीं. २००६ सालीं सॅस व २००९ सालीं लेस ह्या नांवांचीं साधनें निघालीं, तीं हेंच काम आदल्या रात्रीं करून ठेवतात. नांवें, बेरजा, गुणाकार सर्व घरच्या घरीं उरकून तयार यादी सर्व्हरवर ठेवावयाची, म्हणजे पंगतीची पंगत आणि आचाऱ्याला त्रास नाहीं. बहुतेक स्थळांना एवढें पुरतें, आणि ज्यांना एवढें पुरतें त्यांनीं पुढें जाऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे. हौसेखातर सर्व्हरकडून शैलीपत्रकें लिहविणारे पुष्कळ पाहिले. रोज तेंच ताट, पण रोज नव्यानें चूल पेटवावयाची!

खरा उपयोग तेथें, जेथें उत्तर आधीं ठाऊकच नसतें. वर्डप्रेस ह्या सुप्रसिद्ध प्रणालींत २०१२ सालापासून, स्थळाच्या मालकाला संगणकविद्येचें एक अक्षर न येतां रंगपेटींतून आपले रंग निवडतां येतात. निवडलेला रंग कपाटांत नोंदला जातो आणि त्यावरून सर्व्हर शैलीपत्रकाच्या ओळी लिहितो. हे रंग कोणते असतील हें लिहिणाऱ्यास आदल्या रात्रीं कसें कळावें?

आणि येथेंच सर्व्हरच्या अंकगणिताचें चीज होतें. आमच्याकडील उत्सवांच्या व मंडळांच्या पानांवर केशरी पट्टा आणि त्यावर पांढरीं अक्षरें हा थाट नित्याचा आहे. डोळ्याला भरतो खरा. परंतु वृद्धांस वाचतां येतो काय? ह्यासाठीं एक मान्य गणित आहे. रंगाचे लाल, हिरवा व निळा असे तीन घटक. डोळ्याला भासणाऱ्या उजेडांत हिरव्याचा वांटा सुमारें ७१ टक्के, लालाचा २१ आणि निळ्याचा अवघा ७. ह्या प्रमाणांत प्रत्येक रंगाचा उजेड काढावा व अक्षर आणि पार्श्वभूमि ह्यांच्या उजेडांचें गुणोत्तर पाहावें. साध्या आकाराच्या मजकुरास तें निदान ४.५ असावें, मोठ्या मथळ्यास ३ चालेल, असें २००८ सालच्या सुगमतेच्या नियमांत सांगितलें आहे. आतां लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ हा नेहमींचा केशरी घ्या. त्यावर पांढरें अक्षर ठेवलें तर गुणोत्तर येतें सुमारें २.१. म्हणजे मथळ्यासही तें पुरत नाहीं. तेंच अक्षर काळें केलें तर गुणोत्तर ९.८ च्या वर जातें. मालकानें कोणताही रंग निवडो, सर्व्हरनें हें गणित एकदां करावें आणि अक्षर काळें कीं पांढरें हें स्वतः ठरवावें. चिटणिसांची हौसही राहते आणि आजोबांस कार्यक्रमाची वेळही वाचतां येते. एका कचेरीच्या पानावर मीं फिकट राखी पार्श्वभूमीवर त्याहून किंचित् गडद राखी अक्षरांत निवृत्तिवेतनाच्या सूचना छापलेल्या पाहिल्या आहेत. ज्यांच्यासाठीं त्या सूचना, त्यांच्याच डोळ्यांस त्या दिसूं नयेत, ह्याला काय म्हणावें?

आतां वेळेचा प्रश्न. शैलीपत्रक येऊन पोंचेपर्यंत ब्राउझर सामान्यतः पान रंगवावयास घेतच नाहीं. कारण अर्धवट रंगवून पुन्हा पुसण्यापेक्षां थांबणें बरें. तेव्हां सर्व्हर शैलीपत्रक लिहीत बसला तर वाचकापुढें तितका वेळ कोरा पडदा. तयार यादी असली तर सर्व्हर तिच्यावर खूण व तारीख घालून देतो. ब्राउझर ती आपल्या फडताळांत ठेवतो, आणि पुढच्या वेळीं ‘ही खूण अजून तीच आहे ना?’ एवढेंच विचारतो. सर्व्हर ‘तीच आहे’ असें ३०४ ह्या आंकड्यानें कळवितो आणि काम भागतें. कार्यक्रमानें लिहिलेल्या यादीवर ही खूण आपोआप पडत नाहीं. ती घालण्याचें काम लिहिणाऱ्यावर येतें. पुष्कळजण तें करीत नाहींत, आणि मग खेड्यांतील मंद जाळ्यावर तीच दोन पानांची यादी दर भेटीला नव्यानें ओढली जाते. चांगली रीत अशी कीं, मालकानें रंग बदलला त्याच वेळीं यादी एकदां लिहून ठेवावी आणि तिच्या पत्त्याला नवा क्रमांक जोडावा. पत्ता बदलला म्हणजे ब्राउझर नवी मागून घेतो, न बदलला तर जुनीवर वर्षभर निर्वाह करतो.

एक यादी एका माणसासाठीं असेल तर मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. वाचक आणि सर्व्हर ह्यांच्या वाटेवर सामायिक फडताळेंही असतात. ज्येष्ठ सभासदासाठीं लिहिलेलें मोठ्या अक्षरांचें पत्रक ‘खासगी’ अशी खूण न घालतां पाठविलें, तर तें त्या सामायिक फडताळांत जाऊन बसतें आणि पुढच्या प्रत्येकाला वाढलें जातें. पथ्याचें ताट पंगतींत फिरलें म्हणतात तें हें. मोठीं अक्षरें दुसऱ्यास गेलीं तर हंसून सोडून देतां येईल. पण त्या पत्रकावरून मनुष्याची दुसरी कांहीं खासगी गोष्ट उघड होत असेल तर हंसण्याजोगें कांहीं नाहीं.

सर्वांत मोठें भय मात्र निराळेंच आहे, आणि भाच्यानें मावशीला तें सांगितलें असेल अशी मी आशा करतों. ज्या यादींत परक्याचे शब्द जातात ती यादी परक्याच्या हातची होते. २००५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंत मायस्पेस ह्या त्या वेळच्या अतिशय गजबजलेल्या स्थळावर सॅमी कामकर ह्या तरुणानें ह्याचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. त्या स्थळावर सभासदांस आपापलें पान सजविण्याची मोकळीक होती. कार्यक्रम लिहिण्यास बंदी होती, शैलीच्या सूचनांस नव्हती. आणि तेव्हांचे कांहीं ब्राउझर शैलीच्या सूचनेंत दडविलेला कार्यक्रमही चालवीत. स्थळाची चाळणी बंदी असलेला शब्द शोधून काढीत असे, म्हणून त्यानें तो शब्द मध्येंच तोडून दोन ओळींत लिहिला. चाळणीला तो दिसला नाहीं, ब्राउझरला कळला. जो कोणी सॅमीचें पान पाहील त्याच्या पानावर तीच सूचना आपोआप उतरे, आणि त्याचें पान पाहणाऱ्याच्या पानावर पुढें. सुमारें वीस तासांत दहा लाखांहून अधिक पानें अशीं बाधित झालीं आणि स्थळ बंद करून साफसफाई करावी लागली. पुढें न्यायालयांत त्या तरुणानें गुन्हा कबूल केला.

आजचे ब्राउझर शैलीपत्रकांतून कार्यक्रम चालवीत नाहींत हें खरें; पण म्हणून भय सरलें असें समजूं नये. ‘अमुक रकान्यांतील मजकूर अमुक अक्षरानें सुरू होत असेल तर अमुक पत्त्यावरून चित्र आण’ अशी सूचना शैलीपत्रकांत लिहितां येते. चित्राची मागणी कोणत्या पत्त्यावर गेली ह्यावरून पहिलें अक्षर फुटतें, आणि तीच युक्ति पुन्हां पुन्हां योजून पानांत गुप्त ठेवलेली खूण अक्षराअक्षरानें बाहेर काढतां येते. म्हणून रंगाच्या रकान्यांत मनुष्यानें जें लिहिलें असेल तें जसेंच्या तसें यादींत उतरूं नये. रंग म्हणजे एक चौकड्याची खूण आणि तिच्यामागें तीन किंवा सहा चिन्हें. तीं ० ते ९ ह्या आंकड्यांतलीं अथवा ए ते एफ ह्या इंग्रजी अक्षरांतलीं. एवढें जुळलें तर घ्यावें, न जुळलें तर टाकून देऊन आपला ठरलेला रंग लावावा. वर्डप्रेसमध्यें नेमकें हेंच तपासणारें साधन तयारच आहे. वाईट शब्दांची यादी करून ते गाळीत बसण्यापेक्षां, चांगलें काय तें ठरवून तेवढेंच आंत घ्यावें. मायस्पेसची चाळणी पहिल्या प्रकारची होती. अक्षराचा आकार निवडावयास देतांनाही वाचकाकडून माप मागूं नये; लहान, मध्यम, मोठें अशा तीन कळा द्याव्या, आणि कोणती कळ दाबली त्यावरून माप आपण लिहावें.

अलीकडे ह्या साऱ्या खटाटोपाचें ओझें पुष्कळ हलकें झालें आहे. शैलीपत्रकाच्या भाषेंतच आतां नांवें ठेवतां येतात. २०१७ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत ही सोय आली. गंमत अशी कीं, २००८ सालीं बर्ट बॉस ह्यांनींच अशा नांवांविरुद्ध मोठा निबंध लिहिला होता. जी भाषा सामान्य मनुष्यानें वाचून समजावी ती ह्यामुळें कार्यक्रम लिहिणाऱ्यांची भाषा होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. त्यांचें म्हणणें मला अजूनही सर्वस्वीं चूक वाटत नाहीं. तथापि सोय झाली ती झाली. आतां सर्व्हरनें सबंध यादी लिहावयास नको. पंगतीची यादी सर्वांस सारखीच द्यावी आणि पानाच्या शिरोभागीं ‘मुख्य रंग हा, त्यावरील अक्षर हें, मजकुराचें माप हें’ अशा चार-पांच ओळी तेवढ्या ज्याच्या त्याच्या लिहाव्या. सर्वांचा वरणभात एकच, मिठाची चिमूट ज्याची त्यानें. रात्रीच्या वेळीं काळी पार्श्वभूमि हवी कीं पांढरी हेंही २०१९ पासून ब्राउझर स्वतःच वाचकाच्या यंत्राला विचारतो. त्यासाठीं सर्व्हरला उठविण्याचें कारण राहिलें नाहीं.

मराठी पानांपुरतें एक सांगावयाचें राहिलें, आणि तें तर साध्या तयार यादींतच लिहून ठेवतां येतें. आपल्या अक्षरांवर मात्रा, अनुस्वार आणि रफार चढतात, खालीं उकार व जोडाक्षरांचे पाय लोंबतात. इंग्रजी मजकुरासाठीं ठरविलेलें ओळींमधलें अंतर त्यांस अपुरें पडतें आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत अडकतो. अक्षराच्या मापाच्या दीडपटीहून तें अंतर कमी नसावें. मी स्वतः पावणेदोनपट ठेवतों. इंग्रजी मथळ्यांत शोभा म्हणून अक्षरें विरळ करतात, ती सूचना मराठी मथळ्यास लागूं देऊं नये, कारण तिनें शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. आणि पानाच्या आरंभीं भाषा मराठी आहे असें सांगावयास विसरूं नये. तें सांगितलें म्हणजे ज्या टंकांत तशी तजवीज आहे त्यांत ल आणि श हीं अक्षरें हिंदी वळणाचीं न येतां आपल्या वळणाचीं येतात.